अर्धं बिस्कीट

माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात तिचं खरं नाव फक्त ओळखपत्रावर होतं. बाकी सगळे तिला गोळीबाई म्हणायचे. हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येक म्हाताऱ्या जवानाला वाटायचं, आणि ती बिचारी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. काय करणार? तेवढ्या हसण्यावर समोरचा माणूस आपल्या उशीखालची सगळी औषधं बाहेर काढून दाखवायचा.

ती होती क्लिनिकल फार्मासिस्ट. म्हणजे खिडकीमागे बसून पट्ट्या देणारी नव्हे. खाटेखाटेपाशी जायचं, कोण काय घेतो, किती घेतो, एका औषधाचं दुसऱ्याशी पटतं का, मूत्रपिंडांना ते झेपतं का, हे सगळं तपासायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. आता डॉक्टरांना सांगणं हे बोलायला सोपं! मोठे डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांचं मत एकदा बनलं की बनलं. पालथ्या घड्यावर कितीही पाणी ओता.

त्या मंगळवारी सकाळी नऊच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांचं मत बनलं, ते बारा नंबरच्या खाटेबद्दल.

बारा नंबरवर होते कोठारकाका. फौजेत त्यांनी आयुष्यभर सामानाचं कोठार सांभाळलेलं, म्हणून हे नाव. हृदय थकलेलं, त्यामुळे अंगात पाणी साठायचं. ते पाणी उतरवायला रोज सकाळी एक गोळी. आठ महिन्यांत ही त्यांची चौथी खेप. दर वेळी पाय सुजून भोपळे झालेले, धाप लागलेली. दवाखान्यात पाच दिवस राहिले की गडी टुणटुणीत. घरी गेले की दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच.

काका त्या वेळी एक्स-रे काढायला खाली गेले होते. खाटेशेजारी काकू बसलेल्या. अंगानं एवढ्याशा, पण जिभेला धार.

"काकू, खरं सांगा," डॉक्टर म्हणाले, "मीठ घालताय ना?"

"आठ महिने झाले, घरात मिठाची बरणी नाही," काकू म्हणाल्या. "यांच्यासमोर मी एकटी कशी खाऊ, म्हणून मीसुद्धा अळणी गिळतेय. चव कशाला म्हणतात ते विसरले मी."

"मग पाणी हवेतून येतं का?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. भांडायला कधी मागे न सरणारी बाई पदरानं डोळे पुसायला लागली. डॉक्टरांनी गोळीचा डोस दुप्पट केला, दुपारी बाराला डिस्चार्ज लिहिला आणि पुढच्या खाटेकडे वळले. काकूंची मुलगी गाडी घेऊन येणारच होती. तिनं फोनवर आधीच निकाल दिला होता, "आता पुरे. दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं. तिसरा मजला आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर राहाल." म्हणजे स्वतःचं घर, अंगण, काकांचं हातोडी-करवतीचं टेबल, सगळं बंद. या वयात बंद केलेलं घर पुन्हा कोण उघडतं?

गोळीबाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मुलगी शिस्तीची होती. ती दुप्पट गोळी चोख देणार. आणि इथे तर एकाच गोळीवर काका पाच दिवसांत कोरडे ठणठणीत होतात. मग दुप्पट पोटात गेली तर आठवड्यात चक्कर येऊन कुठेतरी पडतील, मूत्रपिंडं बसतील ते वेगळंच. ती डॉक्टरांच्या मागे धावली.

"सर, इथे जी गोळी लागू पडते ती घरी का पडत नाही? मला वाटतं, घरी ती पोटातच जात नसावी."

"विचारलंय मी. रोज घेतात म्हणाले. तुमच्याकडे पुरावा असेल तर आणा. बारा वाजेपर्यंत मी इथेच आहे."

पुरावा! तिनं संगणक उघडला. दर महिन्याच्या एक तारखेला, खिडकी उघडताच पहिली नोंद काकांचीच. एकही महिना चुकलेला नाही. साडेदहा वाजले, ती पुन्हा बारा नंबरपाशी. काका एक्स-रेहून परत येऊन पिशवी भरत होते. काकू मुलीला फोन करायला बाहेर गेल्या होत्या.

"काका, गोळी रोज घेता?"

"रोज. सहाच्या ठोक्याला. चुकलो असेन तर ही मिशी उतरवीन."

मिशी चांगली भरघोस होती. असला माणूस मिशीची पैज खोटी लावत नाही. गोळीबाई हिरमुसून निघणार, तेवढ्यात काकांनी खाटेशेजारचा खण ओढला. आत जुन्या वर्तमानपत्रात बांधलेल्या पाच पुड्या एका ओळीत, प्रत्येकीवर तारीख. शेजारी साबणाची अर्धी वडी, दोऱ्यानं कापलेली, कड अगदी सरळ.

"हे काय हो?"

"बिस्किटं. सकाळी चहाबरोबर दोन देतात ना, त्यातलं एक खायचं, एक ठेवायचं. शनिवारी एकच मिळालं, तर अर्धं केलं." त्यांनी एक पुडी उघडून अर्धं बिस्कीट दाखवलं. एक कण सांडला नव्हता.

गोळीबाईनं स्टूल ओढलं आणि बसली. आठ महिने सगळ्यांनी विचारलं होतं, रोज घेता का? कोणीच विचारलं नव्हतं की केवढी घेता.

"काका," ती हळूच म्हणाली, "घरी गोळीचा साठा किती आहे?"

काकांची छाती फुगली. असा शहाणा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारला नसावा.

"एकशे दहा. पत्र्याच्या डब्यात, ओल लागत नाही. आज अर्धी, उद्या तिचीच उरलेली अर्धी. निम्मं खर्च, निम्मं राखीव. पहिल्या दिवसापासून."

"अहो, पण का?"

मग काकांनी सांगितलं. तरुणपणी डोंगरातल्या एका ठाण्यावर बर्फानं रस्ता बंद झाला होता. चाळीस माणसं, दहा दिवसांचं अन्न, आणि रस्ता उघडला एकोणिसाव्या दिवशी. काकांनी पहिल्याच दिवशी सगळं निम्मं केलं होतं. जवानांनी शिव्यांची लाखोली वाहिली. पण खाली उतरताना चाळीसच्या चाळीस जण स्वतःच्या पायांनी उतरले. "तेव्हापासून अख्खी वस्तू संपवायला हात उठत नाही," काका म्हणाले. "आणि कुणी मेलं का त्यानं? मी चांगला आहे की!"

"तुम्ही चांगले आहात, पण काकूंना आज सगळ्या वॉर्डासमोर ऐकून घ्यावं लागलं. त्या तुम्हाला चोरून मीठ घालतात म्हणून. रडल्या त्या."

काकांचा हात पुडीवरच थांबला.

"ही रडली?"

"हो."

"ही तर हिची आई गेली तेव्हाही माझ्यासमोर रडली नव्हती," काका म्हणाले, आणि पुडी बांधून खणात ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे बिस्किटं मोजत बसलेला. शेवटी ते उठले, दवाखान्याच्या सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि म्हणाले, "तुमच्या डॉक्टरला बोलवा."

साडेअकराला डॉक्टर आले. पाठोपाठ मुलगीही गाडीची किल्ली हातात घेऊन आली, तिच्या मागे काकू. काका खाटेच्या पायथ्याशी ताठ उभे होते. सूज उतरून सपाता ढिल्या झालेल्या, पण टाचा जुळलेल्या.

"साहेब, चूक कोठाराची आहे," ते वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी आठ महिने निम्मी गोळी घेतली. हिच्या हाताला काही दोष नाही. हिनं मीठ घातलं नाही. तुम्ही हिला सगळ्यांसमोर बोललात, म्हणून मीही सगळ्यांसमोर सांगतो."

आधी तोंड फुटलं ते काकूंना.

"म्हणजे मी आठ महिने अळणी खाल्लं, ते तुमच्या डब्यात गोळ्या साठाव्यात म्हणून?"

"अगं..."

"अगं नाही नि तगं नाही! मला वाटलं माझंच काही चुकतंय. भाजीतच उपजत मीठ असतं का, म्हणून मी भाज्या दोन-दोनदा उकळून पाणी फेकलं!"

अकरा नंबरवाला फिस्सकन हसला, मग चौदा, आणि मग सगळा वॉर्ड. मोठे डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते काकूंपुढे येऊन म्हणाले, "काकू, चुकलं माझं. माफ करा."

"माफी राहू द्या," काकू म्हणाल्या, "आधी कुणाकडे चिमूटभर मीठ असेल तर द्या."

गोळीबाईनं आपला जेवणाचा डबा आणून उघडला. उकडलेलं अंडं आणि कागदाच्या पुडीत मीठ. काकूंनी अंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिठात बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी दुप्पट डोस खोडला. पण मुलगी बधेना. "आज सांगितलं, उद्या पुन्हा कापतील. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बाबा, शप्पथ घेऊन सांगा, उद्या घरी अख्खी घ्याल?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं, हीच तर पंचाईत. "सिस्टर हातावर ठेवते ती घेतो, ती त्यांच्या कोठारातली. माझ्या कोठारातली... हात उठेल असं वाटत नाही."

"मग चला माझ्याकडे," मुलगी म्हणाली आणि पिशवी उचलली.

"पंधरा मिनिटं द्या मला," गोळीबाई म्हणाली. चाकांची खुर्ची ओढली, काकांना बसवलं आणि थेट तळमजल्यावर औषधांच्या कोठारात नेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? छतापर्यंत रॅक, खोक्यांवर खोकी. शेवटच्या रांगेवर लाल पाटी होती, राखीव.

"ही तुमची गोळी. तीन महिन्यांचा साठा, नेहमी. दवाखान्यातल्या सगळ्यांना पुरेल एवढा. याला आम्ही हात लावत नाही. राखीव आम्ही ठेवतो, तुम्ही अख्खी घ्यायची."

काका खुर्चीतून उठले. खोक्यांवरच्या तारखा वाचल्या, रॅकवरून बोट फिरवलं, बोटाची धूळ स्टोअरच्या माणसाला दाखवली. मग त्यांचा आवाज चढला, "हे काय? नवीन माल पुढे आणि जुना मागे? मागचा काय मुरवत ठेवलाय?" स्टोअरचा तो गलेलठ्ठ माणूस निवृत्तीला आला होता, पण शाळकरी पोरासारखा धावत खोकी बदलायला लागला. काकांनी ती सगळी बदलून होईपर्यंत देखरेख केली. पंधरा मिनिटांची चाळीस झाली. चेहऱ्यावर अशी टवटवी की पाच दिवसांच्या औषधानं आली नसती.

"साठा ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "पण रस्ता बंद झाला तर?"

"काका, तुमचं घर इथून बसचे दोन थांबे आहे."

"झाला तर?"

"तर मी चालत आणून देईन."

"लिहून द्या."

तिनं लिहून दिलं. खाली सही केली. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. वर येऊन मुलीला म्हणाले, "सहा आठवडे दे मला. पाय सुजले तर मी स्वतः तुझ्या गाडीत येऊन बसेन." मुलीनं आईकडे पाहिलं. आई मीठ लावून अंडं खात होती, तिच्या तोंडावर आठ महिन्यांत न दिसलेलं सुख होतं. "सहा आठवडे," मुलगी म्हणाली. "एक दिवस जास्त नाही."

सहा आठवड्यांनी, मंगळवारीच, काका वॉर्डाच्या दारातून चालत आत आले. बूट घातले होते, नाड्या बांधून. काखेत पत्र्याचा डबा. "एकशे दहा," ते गोळीबाईला म्हणाले, "परत. मोजून घ्या आणि पावती द्या." घरातून परत आलेल्या गोळ्या कोणाला देता येत नाहीत, नष्ट करतात, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. मुकाट्यानं मोजल्या आणि पावती फाडली. वर एक अर्धी होती, तीही तिनं लिहिली.

काकू बाकावर बसल्या होत्या. सिस्टरनं दोघांना चहा दिला, आणि काकांच्या बशीत एक बिस्कीट. काकांचा हात सवयीनं चालला. बिस्कीट मधोमध मोडलं, अगदी बरोबर निम्मं. एक अर्धं तोंडात टाकलं, दुसरं खिशाकडे निघालं. त्या खिशात तिनं लिहून दिलेला कागद होता, घडीवर झिजलेला. काकांनी हात काकूंकडे वळवला.

"घे," ते म्हणाले.

"अर्धंच?" काकू म्हणाल्या. "आठ महिने वांधे केलेत माझ्या जेवणाचे!"

"सिस्टर," काकांनी हाक मारली, "आणखी एक अख्खं द्या हो. हिला."