'अ‍ॅक्च्युअली'ची नोंद

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक शिस्त आहे. प्रत्येक शब्दाची नोंद सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायची, मध्ये कुणी बोलायचं नाही. आणि उदाहरणं मनाने रचायची नाहीत. कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलीच द्यायची.

माझ्या वाट्याला 'अ‍ॅक्च्युअली' आला, तेव्हा माझी लेक नुकतीच पाळणाघरात जायला लागली होती. तिला तिकडे भूक लागली की इकडे माझ्या छातीला कळतं. दूध काढून ठेवायला मला कडी लागणारी एक खोली हवी होती. बस, एवढंच. संपादकसाहेबांकडे मागितली, तर मिळाली कागदांच्या गठ्ठ्यांची कोठी. तिला कडी नाही. दाराला पाठ लावून, एका हाताने पंप धरून बसायचं. काल शिपाईदादांनी कागद न्यायला दार ढकललं. बिचारे माझ्याहून जास्त घाबरले. बाटली कलंडली. माझ्या सोनुलीचं सगळं दूध फरशीवर.

आज मी नोंद वाचायला उभी राहिले.

"मूळ लॅटिन. 'करणं' या क्रियापदाच्या घराण्यातला. जुना अर्थ, प्रत्यक्ष कृतीने. पुढे, खरोखर, वस्तुतः. हल्ली, नाही म्हणण्याआधी पेरायची साखर. उदाहरणं: 'अ‍ॅक्च्युअली, खोलीचं माझ्या डोक्यात आहे.' 'अ‍ॅक्च्युअली, एका बाईसाठी सुतार बोलावणं बरं दिसत नाही.' 'अ‍ॅक्च्युअली, पूर्वीच्या बायका नाही का निभावून न्यायच्या?'"

कुणी मान वर करेना. वाक्यं कुणाच्या तोंडची, ते सगळ्यांना ठाऊक. आमच्या मुद्रितशोधक, ज्यांना सगळे खोडरबर काकू म्हणतात, खोकल्यासारखं हसल्या. मला वाटलं, आता तरी संपादकसाहेबांना लाज वाटेल.

साहेबांनी चष्मा पुसला. "छान. मंजूर. अ‍ॅक्च्युअली, तिसरं उदाहरण जरा लांबलंय. पुढचा शब्द कुणाकडे आहे?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे माझा संतापसुद्धा या माणसाला नुसता मजकूर! इकडे पान्हा दाटून ब्लाउज भिजायला लागला होता. मी पिशवी उचलली, साहेबांच्या केबिनमध्ये गेले, आतून कडी घातली आणि त्यांच्याच खुर्चीत बसले.

थोड्या वेळाने टकटक. "अहो मॅडम, माझे कागद आत आहेत!"

"असू देत की," बाहेर काकूंचा आवाज. "तिचं लेकरू उपाशी आहे. तुमचे कागद काही रडत नाहीत."

"मी इथला संपादक आहे, काकू!"

"मग बसा ना त्या कोठीत. पाठीने दार धरायचं, सोपं आहे."

मी पंप लावला, पण राग उतरेना. दूध येईना. मग डोळे मिटून लेकीच्या मानेच्या वळीतला घामट, गोडूस वास आठवला, तेव्हा कुठे धार लागली. बाहेर त्यांचं चालूच होतं. बाटली भरेपर्यंत मी कडी काढली नाही. उद्याही काढणार नाही. सुतार येईपर्यंत हीच माझी खोली.