खोडलेलं वाक्य

दोन बोटं गेली आणि मिस्त्री लिहायला लागला.

पंचवीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. एके दिवशी फळी चिरताना मध्येच गाठ लागली, फळी उसळली आणि गोल करवतीने उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट मुळापासून नेलं. भुशावर रक्ताचा सडा पडला. कारखान्याच्या मालकाने जखम भरेपर्यंत वाट पाहिली आणि मग दुसरा सुतार ठेवला.

थोरल्या बहिणीचा नवरा कारखान्याशेजारीच छपाईचं दुकान चालवायचा. एकदा तो घरी आला आणि म्हणाला, "रिकामा बसून भिंतींकडे काय बघतोस? लिही. एक साइट आहे. वाचणारे पॉइंट देतात, सातव्या दिवशी त्यांचे पैसे होतात."

"कोणीही कितीही पॉइंट देऊ शकतं, दाजी?"

"तसं नाही. ज्याच्या गाठीला जास्त पॉइंट, त्याच्या लाइकला जास्त वजन."

"म्हणजे बळी तो कान पिळी."

"ते कुठे नाही?" दाजी म्हणाले.

मिस्त्री डाव्या हाताने वहीत लिहायचा, दाजी ते दुकानात टाइप करून चढवायचे. खिळ्याशिवाय सांधा कसा बसवायचा, ओलं लाकूड वासावरून कसं ओळखायचं, पटाशीला धार कशी लावायची. एकेका लेखाला चार-चार दिवस लागायचे. खाली प्रतिक्रिया यायच्या, 'छान माहिती, माझंही वाचा.' पटाशीच्या लेखाखाली एकाने लिहिलं, 'रेसिपी आवडली.' मिस्त्रीने त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटून घेतलं, अगदी खरंखुरं. कपाळाला टेंगूळ आलं.

साइटवर 'घार' नावाचं एक बडं प्रस्थ होतं. कोण, कुठलं, कोणालाच ठाऊक नाही. पण तिच्या एका लाइकने मांजराचा फोटो टाकणारा माणूस मिस्त्रीच्या चाळीस लेखांच्या पुढे जायचा, आणि तिने उलटं मत दिलं की लेखाचे सगळे पॉइंट जागच्या जागी शून्य. लोक तिच्या पुढे पुढे करायचे. दाजी तर चार वर्षं करत होते.

शेवटी मिस्त्रीने अपघातावर लिहिलं. तीन आठवडे लागले. लिहिताना तुटलेली बोटं ठणकायची. हा लेख मात्र लोकांनी उचलून धरला. अनोळखी लोकांनी लांबलचक पत्रं लिहिली. एका गवंड्याने लिहिलं, 'माझा अंगठा गेलाय, तुम्ही माझंच लिहिलंत.' मिस्त्री पाच दिवस फोन उशाशी घेऊन झोपला.

सहाव्या दिवशी सकाळी सगळं शून्य झालेलं होतं. खाली घारीची एक ओळ, 'चोरीचा माल. मूळ लेख इथे वाचा.'

त्याने तो मूळ लेख उघडला. भलत्याच नावाने, त्याच्या दोन दिवस आधी चढवलेला. शब्द अन् शब्द त्याचाच. वर घारीची लाइक. फक्त शेवटाला फरक होता. मिस्त्रीच्या लेखात होतं, 'मी एकटाच चालत दवाखान्यात गेलो.' इथे होतं, 'ताईने बोटं बर्फात घालून मला दवाखान्यात नेलं.'

ते वाक्य मिस्त्रीने वहीत लिहून खोडलं होतं. आणि वही एकाच माणसाच्या हातात गेली होती.

भर दुपारी तो दुकानात शिरला. दाजी कागदांचे गठ्ठे कापत होते. "ये, बस," म्हणेपर्यंत पहिला ठोसा तोंडावर बसला. दात तुटल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"दुसरं नाव तुझंच ना?" मिस्त्रीने जन्मात पहिल्यांदा दाजींना अरे-तुरे केलं. "बोल!"

दाजींनी हाताला लागलेली शाईची बाटली भिरकावली. ती मिस्त्रीच्या भुवईवर फुटली. काळं आणि लाल एक होऊन डोळ्यात उतरलं. अर्ध्या दृष्टीने त्याने दाजींना गळ्याशी धरलं, यंत्रावर आपटलं, पोटात गुडघा घातला. मग त्यांचा उजवा हात ओढून कागद कापायच्या पात्याखाली दाबला आणि दांडा धरला.

"नको रे!" दाजी किंचाळले. "तुझ्या नावाला घारीने ढुंकून पाहिलं नसतं! मला एकदा, फक्त एकदा तिची लाइक हवी होती!"

दांडा खाली येऊ लागला. पातं बोटांना टेकलं, कातडी फाटली, रक्त कागदावर पसरलं. मिस्त्रीला थांबावंसं वाटलं नाही. उलट बरं वाटत होतं, आणि हे त्याला पुढे कधीच विसरता आलं नाही.

तेवढ्यात त्याच्या कानशिलावर लोखंडी स्टूल आदळलं.

जेवणाचा डबा घेऊन आलेली ताई दारातून सरळ चालत आली होती. ओरडली नाही, विनवलं नाही. स्टूल उचललं आणि हाणलं. मिस्त्री कोसळला तसं तिने आणखी एकदा हाणलं, खांद्यावर. हाड मोडलं.

"त्याने माझं चोरलं," मिस्त्री जमिनीवरून म्हणाला. "अपघाताचं. दुसऱ्या नावाने."

ताई नवऱ्याकडे वळली. "ते तुम्ही मला वाचून दाखवलं होतंत. म्हणालात, तुझ्या भावाने लिहिलंय. मी रडले." मग भावाकडे. "तू काय लिहिलं होतंस?"

रक्त पुसत दाजीच बोबड्या आवाजात म्हणाले, "तुझं वाक्य त्याने खोडलं होतं. एकटा गेलो म्हणून लिहिलंय."

ताईने कॉम्प्युटरवर स्टूल घातलं. पडदा फुटला, तरी ती घालतच राहिली, हातातलं स्टूल वाकेपर्यंत. मग तिने नवऱ्याचा हात फडक्यात बांधला आणि त्याला घेऊन गेली. भावाला तिथेच सोडलं. या वेळी तो खरोखरच एकटा चालत दवाखान्यात गेला.

पोलिसांत कोणीच गेलं नाही. दाजींची बोटं वाचली, दात गेले. मिस्त्रीचा डावा कान कायमचा बंद झाला. दाजींनी साइटवर कबुली लिहिली, तर घारीने तिलाही उलटं मत दिलं. कारण सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मिस्त्री ताईच्या दाराशी उभा राहिला. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"काय?"

"पुन्हा लिहिलंय. साइटवर नाही चढवणार. वाचू का?"

"वाच."

त्याने जिन्यातच उभ्याने वाचायला सुरुवात केली. "ताई बर्फ घेऊन धावत आली..."

"मी धावले नाही," ती मध्येच म्हणाली. "भिंत धरून आले."

"काय म्हणालीस?" त्याने उजवा कान फटीशी नेला.

तिने तेच जरा मोठ्याने सांगितलं. मिस्त्रीने वही गुडघ्यावर टेकवली आणि लिहून घेतलं. साखळी तिने काढली नाही, पण दारही लावलं नाही.