न खाल्लेली रडी

‘फसवणूक आढळल्यामुळे आपले खाते बंद करण्यात आले आहे.’

पडद्यावरचं हे वाक्य ताईने वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फसवणूक! कवळ्या बनवण्यात जिचा जन्म गेला, एखादा दात केसभर वर आला तरी जी तो काढून पुन्हा बसवते, तिला हे कोण कुठले लोक लबाड ठरवणार? तिच्या घरात रडी खायची ती बारक्याने, आणि त्याच्या पाठीत धपाटा घालायचा तो ताईने, अशी लहानपणापासूनची वाटणी होती. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आता पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण नाव तेच.

खेळ होता मोटारींच्या शर्यतीचा. घाटातल्या खडबडीत रस्त्यावरून गाडी पिटाळायची; एकाने चालवायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून पुढची वळणं सांगायची. बारक्या दूरच्या शहरात आपल्या घरी बसून चालवायचा आणि ताई आपल्या घरी बसून माइकमध्ये ओरडायची, "उजवं! आणखी उजवं! पुढे उतार आहे, ब्रेक सोड मेल्या!" रविवारची दुपार त्यासाठी राखलेली असायची.

खरं सांगायचं तर खेळाचं वेड दोघांनाही बेताचंच होतं. पण बायको गेल्यापासून बारक्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. फोन केला की "हो", "जेवलो", "ठेवतो". गाडीत बसवला की मात्र दोन शर्यतींच्या मध्ये तो बोलायचा, गुडघ्याचं, कामाचं, आणि मग हळूच तिचं. समोर रस्ता असला की माणसाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ताईला ते कळलं होतं, म्हणून तर ती या वयात घाटातून ओरडत सुटली होती.

तिचा संगणक जुना. नव्या विंडोजला तो चालेना. "धडधाकट यंत्र भंगारात कशाला घालायचं?" असं म्हणून लेकीने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स बसवून दिलं. खेळ मात्र विंडोजसाठी बनलेला, म्हणून मध्ये एक प्रोग्राम घातला. ताई त्याला दुभाष्या म्हणायची. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागायचा, दुभाष्या ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगायचा, आणि लिनक्स बिचारं काम करून मोकळं व्हायचं. पहिल्या दिवशी नुसता काळा पडदा दिसला. मग गाडी आली, पण चाकांशिवाय. लेकीने खटपट करून चाकंही आणली. शेवटी खेळ पूर्वीपेक्षा बरा चालायला लागला. फक्त हॉर्न वाजेना.

इथेच ताईचं चुकलं. तिच्या कामाच्या ठिकाणी रीत अशी होती की कवळी कुठे टोचते ते बनवणाऱ्याला लगेच कळवायचं, म्हणजे पुढची नीट होते. टोचलं म्हणून कुणी रागावत नाही, उलट आभार मानतात. त्याच सवयीने तिने खेळ बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, ‘मी तुमचा खेळ लिनक्सवर दुभाष्याकरवी चालवते. उत्तम चालतो, तुमचं कौतुक वाटतं. फक्त हॉर्न वाजत नाही, तेवढं बघा.’

त्याचं उत्तर हे असं आलं.

"आई, तू स्वतःहून सांगितलंस?" लेकीने कपाळाला हात लावला.

"मग काय लपवून खेळू? मी काय चोरी करते?"

"अगं, खेळासोबत त्यांचा एक रखवालदार असतो. खेळ आणि यंत्राच्या मध्ये ओळखीचं नसलेलं काही दिसलं की तो लबाडी समजतो. लबाड लोक तिथेच घुसतात ना, भिंतीपलीकडचं बघायला."

"घाटात भिंत कुठे आहे?"

ताईने कंपनीशी वाद घातला. पलीकडून यंत्राने लिहिल्यासारखं उत्तर आलं, ‘प्रिय खेळाडू, आमच्या यंत्रणेला आपल्या संगणकावर परका प्रोग्राम आढळला.’ आढळला म्हणे! ताईने दात-ओठ खात लिहिलं, ‘तुम्हाला काडीचंही आढळलं नाही. मी सांगितलं म्हणून कळलं. निदान त्याचं श्रेय तरी मला द्या.’ त्यावर पुन्हा ‘प्रिय खेळाडू’ आलं आणि खाली एक बटण आलं. ‘मी जाणूनबुजून नियम मोडला, मला पश्चात्ताप होतो.’ ते दाबलं की खातं सुरू होणार होतं, पण नावापुढे ‘माफी मिळालेला खेळाडू’ असं कायमचं लटकणार होतं.

"ताई, दाबून टाक ना," बारक्या फोनवर म्हणाला.

"मी रडी खाल्ली असं कबूल करू?"

"आपल्याला कोण ओळखतंय तिथे?"

"मी ओळखते की मला!"

तो म्हणाला, "बरं. तुझं नाव मोठं. ठेवतो."

त्यानंतर बारक्या पुन्हा "हो", "जेवलो", "ठेवतो"वर आला. पुढे पुढे तर नुसती घंटी वाजायची. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कामावर तिने एका दंतवैद्याला विनाकारण झापलं, पॉलिशच्या यंत्राला शिव्या घातल्या. राग कंपनीचा होता की बारक्याचा की स्वतःचा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एका रविवारी दुपारी तिने खरंच त्या बटणावर बोट नेलं. बारक्यासाठी तिने नाकसुद्धा घासलं असतं. त्यावर ‘चुकून झालं’ असं लिहिलेलं असतं, तर डोळे मिटून दाबलं असतं. पण ‘जाणूनबुजून’? हॉर्न वाजत नाही म्हणून कळवणारी बाई जाणूनबुजून लबाडी करते? तिने संगणक बंद केला आणि फोन उचलला. बारक्या तो उचलेपर्यंत ती पुन्हापुन्हा लावत राहिली.

"बोल," तो म्हणाला.

"गाडीत बस. घाटाचा रस्ता लाव. आणि फोन स्पीकरवर ठेव."

"अगं, तुझं खातं बंद आहे."

"खातं बंद आहे, तोंड नाही. वळणं मला पाठ आहेत. इंजिनाचा आवाज ऐकू आला की कळेल तू कुठे आहेस ते."

"हे नियमात बसत नाही, ताई. बाहेरच्या माणसाने वळणं सांगायची नाहीत. याला खरोखरच लबाडी म्हणतात."

"मग म्हणू देत! शिक्षा तर मी कधीपासून भोगतेय, गुन्हा तेवढा करायचा राहिला होता. चल, सोड गाडी."

पहिल्या वळणाला तिने सांगायला उशीर केला आणि गाडी दरीत गेली. दुसऱ्यांदा ती घाईत बोलली आणि गाडी झाडावर आदळली. दोघं एकमेकांवर मनसोक्त ओरडले. मग तिने डोळे मिटले, इंजिनाचा चढता-उतरता आवाज कानात घेतला आणि बोलायला लागली. "डावं, हलकं. सरळ. सरळच. आता उजवं, आवळ. पूल आला, नीट धर." गाडी शेवटच्या रेषेपर्यंत पोचली. सगळ्यांच्या मागून, पण पोचली.

इंजिन थांबलं. ताईला वाटलं, आता हा ‘ठेवतो’ म्हणणार.

"आज तिचा फोन नंबर बंद करून टाकला," बारक्या म्हणाला. "फोन कंपनीतली मुलगी विचारत होती, कारण काय. तिला भरावंच लागतं म्हणे काहीतरी. मी म्हटलं, आता कुणी वापरत नाही."

पलीकडे तो हुंदके देत होता, बायको गेली त्या दिवशीही दिले नव्हते असे. एवढं सगळं पोटात घेऊन हा माणूस इतके दिवस गप्प बसला होता, कारण कुणाला तरी एका खऱ्या बाईकडून खोटं वदवून घ्यायचं होतं. याचा तिला असा काही संताप आला की तिने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि आवाज जमेल तितका साधा ठेवून म्हणाली, "रड बाबा. मी आहे. मग पुढचा रस्ता लावू."