खंडेनवमीला बुजलेली वाट

मी बोलतोय तो विश्रांतवाडीतून, आळंदी रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या सोसायटीतल्या एका तळमजल्यावरच्या खोलीतून. लॅपटॉप म्हणतात मला. बोलायची सवय नाही. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडं पोचवत आलो. मला लिहिता-वाचता येतं असं लोकांना वाटतं. खरं सांगू का, अक्षरं माझ्यातून जातात ती पाटातून पाणी जावं तशी. पाटाला काय ठाऊक, पाणी कुठल्या वाफ्याला चाललंय? चेहरे मात्र वाचता येतात. झाकणाच्या वरच्या कडेला एक बारीक डोळा आहे, त्याच्यावरच सगळं आयुष्य काढलं.

जन्म कुठला, ते नेमकं सांगता यायचं नाही. एक लांबलचक पट्टा आठवतो. पांढरे हातमोजे घातलेल्या बाया होत्या, प्रत्येकीनं आपापला एक स्क्रू पिळला. अख्खा असा मी कुणालाच दिसलो नाही. मग खोका, अंधार, जहाजाचं डुलणं, आणि एकदम पुण्याचं ऊन.

मला घरी आणलं बद्रीनाथांनी. माणूस मूळचा वाशीमकडचा. तरुणपणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथंच पिकला. मुलीला, पूर्णिमाला, आयटी कंपनीत नोकरी लागली त्या आनंदात त्यांनी मला घेतलं. रिक्षात मांडीवर धरून बसले होते.

"काका, खाली ठेवा की. पळून जात नाय ते," रिक्षावाला म्हणाला.

"ठेवतो बाप्पा," म्हणाले, पण घर येईस्तोवर ठेवलं नाही.

घरात तिसरं माणूस मालनबाई, पूर्णिमाची आई. त्यांनी माझ्याकडं एकदाच नीट पाहिलं आणि विचारलं, "याले झाकायले काही शिवू का?" आणि शिवलीही, जुन्या साडीची खोळ, नाडी लावून.

बरे दिवस होते ते. फार नाही टिकले. मालनबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं अवघड झालं. मग पूर्णिमानं कंपनीत सांगून घरून काम घेतलं आणि मी आईच्या खाटेशेजारच्या टेबलावर आलो.

घरून काम करायचं तर कंपनीत शिरायला एक वाट लागते. व्हीपीएन म्हणतात तिला. पूर्णिमानं वडिलांना समजावलं होतं, "बाबा, हा घरापासून कंपनीपर्यंतचा खाजगी बोळ आहे. बाहेरच्या कुणाला दिसत नाही."

"म्हंजे आमच्या फॅक्टरीचं मागचं गेट," बद्रीनाथ म्हणाले. "पास असल्याबिगर सोडत नाही."

"अगदी तसंच. आणि तो पास याच्या पोटात ठेवलाय."

माझ्या पोटात! त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, घरात बद्रीनाथ होते, मग लेकीनं घरी बसायची काय गरज? गरज होती. मालनबाई जेवायच्या त्या पूर्णिमाच्याच हातून. पूर्णिमा कानातलं यंत्र न काढता साहेबांशी बोलायची, एका हातानं आईची हनुवटी जरा उचलायची, चमच्यानं पेज घालायची, गळ्यावरून बोट फिरवायची आणि वाट बघायची. घोट उतरला की पुढचा. बद्रीनाथांनी चमचा धरला की मालनबाईंचं तोंड मिटायचं. उभा जन्म नवऱ्याच्या मागून जेवलेली बाई. नवरा पायाशी बसून घास भरवतोय हे तिला सोसायचंच नाही. डाव्या हातानं ती त्यांच्या ताटाकडं बोट करायची. तुम्ही आधी.

"अवं, मी जेवलो! हे पाहा, हात धुतेल हायेत," बद्रीनाथ म्हणायचे. तोंड मिटलेलं ते मिटलेलंच.

मधे कंपनीनं घरून काम करायची पद्धत बंद केली. ज्यांचं आधीपासून चालू होतं, त्यांना मात्र हात लावला नाही. पूर्णिमाचं तसंच चालत राहिलं. कुणी विचारलं नाही, तिनं विषय काढला नाही.

आणि त्या वर्षीची खंडेनवमी आली. हत्यारं, यंत्रं पुजायचा दिवस.

कारखान्यात बद्रीनाथांच्या हाताखालचं यंत्र त्या दिवशी नवरदेवासारखं दिसायचं, असं ते सांगत. पूजेआधी यंत्र खोलायचं, जुनं वंगण पुसून टाकायचं, नवं भरायचं, एकदा चालवून बघायचं, मगच हळद-कुंकू. जुन्या वंगणावर केलेली पूजा यंत्राला लागत नाही, ही त्यांची श्रद्धा.

पूर्णिमा आईला रिक्षात घालून व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली होती. घरात बद्रीनाथ आणि मी. त्यांनी मऊ फडक्यानं मला पुसलं, दाढीच्या ब्रशनं बटणांमधली धूळ काढली. तेवढ्यात माझ्या पडद्यावर ती नेहमीची चौकट आली. नवी सिस्टीम आली आहे, फुकट आहे, घ्या. पूर्णिमा रोज 'नंतर' दाबायची. बद्रीनाथांनी चष्मा नाकावर सरकवला, चौकट दोनदा मोठ्यानं वाचली.

"पोरीले सवड नाही," ते माझ्याशीच बोलले. "आपण करू. येईस्तोवर नवाकोरा होशील."

आणि 'हो' दाबलं.

बराच वेळ माझी शुद्ध नव्हती. जाग आली तेव्हा सगळं लखलखीत, पण अनोळखी, पाव्हण्याच्या घरी उठल्यासारखं. मग आणखी एक प्रश्न पडद्यावर आला. मागच्या सिस्टीमच्या फायली जागा अडवून आहेत, काढून टाकू का? बद्रीनाथांना तर हेच पाहिजे होतं. जुनं वंगण. त्यांनी तेही पुसलं. मग झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. म्हातारा इतका समाधानी मी कधी पाहिला नव्हता.

पूर्णिमा आली, फूल पाहून हसली. "वा बाबा, याची पण पूजा?" दसऱ्याची सुट्टी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला उघडलं, कंपनीची वाट धरली, आणि वाट मिळेना.

बंद करून चालू केलं. राउटर काढून लावला. परत परत तेच, 'जोडणी होऊ शकली नाही.' इंग्रजीतून, फार सभ्य भाषेत. कंपनीत यंत्रांची दुरुस्ती बघणारा दिग्विजय तिच्या ओळखीचा होता. तो फोनवरून सांगत राहिला, शेवटी शनिवारी स्वतःच आला.

"कोथरूडहून आलोय, मिसळ खायच्या दिवशी. लक्षात ठेव," म्हणत बसला. नव्या सिस्टीमशी जुन्या व्हीपीएनचं पटत नाही, असं त्याचं म्हणणं. ते काढलं, नवं टाकलं. जुन्याच्या राहिलेल्या मुळ्या शोधून उपटल्या. नेटवर्कच्या सेटिंग पुसून पहिल्यापासून भरल्या. आणि एकदम बोळाचं दार दिसलं!

"चला!" पूर्णिमा म्हणाली.

दारानं पास मागितला. मी पोट चाचपलं. पास नव्हता.

"सर्टिफिकेट उडालंय. इट्स ओके," दिग्विजय म्हणाला. "परत जुन्या सिस्टीमवर जायचं, तिथून उचलायचं. एक क्लिक." त्यानं ते बटण शोधलं. बटण करडं पडलेलं, दाबलं जाईना. "जुनी सिस्टीम कुणी साफ केली?"

बद्रीनाथ दारातच उभे होते. "म्या केली. लय कचरा होता, पाहा ना. आता कसा हलका झाला."

मी पूर्णिमाकडं पाहत होतो. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तिनं तो बळंच जागेवर आणला.

"बरं केलंत बाबा," ती म्हणाली. "जरा चहा टाकता का दिग्विजयला?"

सोमवारी तिनं आमोद सरांना, तिच्या साहेबांना, फोन लावला. नवा पास मागितला.

"पूर्णिमा, तुमचं चालू होतं म्हणून चालू होतं," साहेब शांतपणे म्हणाले. "आता बंद पडलंय. नव्यानं चालू करायचं तर मला वर विचारावं लागेल. आणि वर विचारलं तर काय उत्तर येईल, ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. ऑफिसात टेबल मोकळं आहे तुमचं."

"सर, आई..."

"आपण समजून घ्या. मी समजून घेतलंच होतं इतके दिवस."

बद्रीनाथांची पेन्शन औषधांत जायची, घर तिच्याच पगारावर, तेव्हा तीच हिंजवडीला जायला लागली. सकाळी अंधारात निघते, येते तेव्हा आई झोपलेली असते. दुपारच्या जेवणाला बाई ठेवून पाहिली, मालनबाईंनी तिच्या हातूनही घेतलं नाही. आता खाटेवर त्यांचा आकार चादरीतून जेमतेम दिसतो. नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

वडिलांना तिनं सांगितलं, "कंपनीनं सगळ्यांनाच बोलावलंय बाबा." त्यांनी मान हलवली. पण त्या शनिवारी दिग्विजय बूट घालत असताना त्यांनी हळूच विचारलं होतं, "तो कचरा नव्हता का?" दिग्विजय नाडीकडं बघत म्हणाला होता, "काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ." टेन्शन घेऊ नका असं कुणी म्हटलं की माणसाला सगळं कळतं. लेकीला बरं वाटावं म्हणून त्यांना कळलं नाही, एवढंच.

आता रोज दुपारी ते मला उघडतात. पेजेची वाटी खाटेच्या कडेला ठेवतात आणि आधी माझ्याकडं वळतात. लेक दाबायची तेच बटण दाबतात. मी तेच सांगतो, जोडणी होऊ शकली नाही. ते चष्मा पुसतात. बिजागरीत सुईनं तेलाचा थेंब सोडतात. परत दाबतात. मागं खाटेवर मालनबाई डोळे उघडे ठेवून त्यांची पाठ बघत असतात, आणि मला त्या दिसतात.

कंपनीच्या बाजूनं पूर्णिमाचं नावच त्या दारावरून उतरवलंय, दिग्विजय तिला फोनवर सांगत होता तेव्हा ऐकलं. मी नवा काय, सोन्याचा झालो तरी ते उघडायचं नाही. हे मला माहीत आहे, पण सांगणार कसं? माझ्याकडं ते एकच वाक्य आहे, आणि ते त्यांना पटत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. इकडं कुणी आलात तर जरा आत या. बद्रीनाथांना धाक नका दाखवू, शहाणपणही नका सांगू. नुसतं माझं झाकण मिटा आणि म्हणा, काका, याचं राहू द्या. काकूंकडं वळून बसा. त्या तोंड उघडायच्या नाहीत कदाचित. पण पेज अजून कोमट आहे.