सिदोनीला हाक

"सिदोनीऽऽ, चल गं, ये लवकर."

तेओद्यूलची हाक आली आणि मी खिडकी लावून घेतली. शेजारच्या कुरणात तो त्याच्या गाईला बोलावत होता. माझी बायको वसंतात वारली. तिचंही नाव सिदोनीच.

आमच्या डोंगरात वासराचं नाव त्या वर्षाला ठरलेल्या अक्षराने ठेवतात. आठ वर्षांपूर्वी 'स' आला. सोफी, सिल्वी, सोलांज गोठ्यागोठ्यांत होऊन गेल्या होत्या. तेओद्यूल टोपी हातात घेऊन आमच्या दारात आला आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाला, "तुझं ठेवू का? हल्ली कोणी ठेवत नाही."

ती हसली. "ठेव की. माणसाच्या पोरीला तर कोणी देणार नाही. पण दूध चांगलं दिलं पाहिजे हं, नाहीतर माझी अब्रू जाईल."

लग्नाआधी गावच्या जत्रेत ती त्याच्याबरोबर नाचली होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो बिनलग्नाचा राहिला हेही.

तिला स्वतःला ते नाव आवडत नसे. वर्गातल्या मुली मोनिक, निकोल. ही एकटी सिदोनी, वडिलांच्या आत्याचं नाव मिळालेली. "काळा ॲप्रन, कापराचा वास, नाकावर चष्मा," ती म्हणायची, "हे नाव घेतलं की असं कोणीतरी दारातून आत येईल असं वाटतं."

शेवटी हॉस्पिटलमध्ये एक तरुण नर्स तिच्या मनगटावरची पट्टी वाचून म्हणाली, "अय्या, सिदोनी? किती गोड. माझ्या भाचीचं हेच ठेवलंय. शहरात आता फार चालतं." बायको खूश झाली. तेवढ्या थकव्यातही तिने भाचीचे डोळे कोणत्या रंगाचे ते विचारलं. मला मात्र राग आला. आयुष्यभर तिने वागवलेलं नाव या लोकांनी न विचारता उचललं होतं.

सप्टेंबरात एका संध्याकाळी मी कुंपणापाशी गेलो.

"तेओद्यूल, गाईचं नाव बदल."

"आता? उद्या तुला कोणी दुसऱ्या नावाने बोलावलं, तर तू वळशील का, आंतेल्म?"

"मला ऐकवत नाही."

तो बराच वेळ गुडघा चोळत राहिला. "तिने स्वतः दिलंय ते मला."

"तुला नाही. गाईला."

"आणि तू कधी घेतलंस? पोरं झाली तेव्हापासून तू तिला 'आई' म्हणायचास. 'आई, कॉफी. आई, माझे बूट कुठायत.' अख्ख्या गावाने ऐकलंय. तिचं नाव रोज घेणारा इथे मी एकटाच."

मला त्याला मारावंसं वाटलं. तो खोटं बोलला असता तर इतकं वाटलं नसतं.

"ते थांबव, एवढंच सांगतोय," मी म्हणालो.

त्याने थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून तो शीळ घालू लागला. गाय मान वर करायची आणि पुन्हा चरायला लागायची. मग तो दुखऱ्या गुडघ्याने, काठी टेकत, मध्येच थांबत, उतार चढून तिला आणायला जायचा. मी खिडकी उघडी ठेवून बघायचो. मी जिंकलो होतो. पण त्या हाकेवाचून संध्याकाळ कधी झाली ते घरात कळेनासं झालं. आता ते नाव कुठेच कोणी घेत नव्हतं.

शनिवारी धुकं खाली उतरलं. उतारावरून गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येत होती, गाय दिसत नव्हती. तेओद्यूल फाटकाशी उभा होता. शीळ घालून घालून त्याचे ओठ सुकले होते. एवढ्या धुक्यात तो वर चढू शकला नसता.

मी बाहेर गेलो. "मार हाक."

"नको म्हणालास ना?"

"आता मार म्हणतोय."

"तूच मार." तो रागाने बोलला नाही.

मी कुंपण धरलं. मग जो आवाज निघाला तो माझा वाटला नाही. "सिदोनी." वरची घंटा थांबली. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. किती वेळा ते माहीत नाही. घंटा हळूहळू खाली येऊ लागली. धुक्यातून तांबूस डोकं बाहेर आलं. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि त्याच्या कोटात नाक खुपसून उभी राहिली.

"आवाज नवीन आहे," तिचं कपाळ खाजवत तो म्हणाला. "होईल सवय."

आता संध्याकाळी मीही कुंपणाशी असतो. तो टोपी मागे सारतो आणि आधी मला हाक मारू देतो. चार-पाच हाकांनी ती येते.

त्याला एक पुरते.