मडक्यातली कोनादू

कुमासी शहराबाहेर, कोकोच्या जुन्या मळ्यात ओसोफो अपाऊ या पाद्रीबाबाचं प्रार्थनास्थळ होतं, आणि दर शुक्रवारी तिथे मेलेली माणसं बोलायची. पत्र्याच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नसायची. लोक झाडांखाली उभे राहायचे, प्रवासी ट्रोट्रो गाड्यांच्या टपांवर चढायचे. मधल्या चौथऱ्यावर कमरेएवढं काळं मडकं, त्यात काठोकाठ पाणी, आणि मडक्यामागे पांढऱ्या सुटातले खुद्द ओसोफो.

"आज वरची रेंज चांगली आहे," रुमालाने मान पुसत ते म्हणाले. "गेल्या शुक्रवारी सैतानाने टॉवर पाडला होता. आज लाइन मोकळी आहे. ज्यांचं माणूस वर गेलंय त्यांनी हात वर करा. मिस्ड कॉल देऊ नका, श्रद्धेने बोला."

शेकडो हात वर गेले. ओसोफोंनी डोळे मिटून बोट दाखवलं ते नेमकं ओफोसूकडे.

ओफोसू ट्रोट्रो चालवायचा. त्याच्या मांडीवर त्याची सहा वर्षांची मुलगी दुफी होती, आणि शेजारी बिरागो बसली होती. ओफोसूची बायको कोनादू आणि बिरागो दोघी परदेशी मालिकांना तिथल्या त्वी भाषेत आवाज द्यायच्या. आरशाच्या कपाटाएवढ्या खोलीत एकाच माइकपुढे खांद्याला खांदा लावून त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कोनादू बाळंतपणात गेली, बाळासकट. दुफीला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार. आई होती तोवर रोजची गोळी, भरपूर पाणी, महिन्याचा दवाखाना, काही चुकत नसे. आता सगळं ओफोसूवर आलं होतं आणि तो माणूस आतून पार विस्कटला होता. बिरागो त्या दिवशी आली होती ती त्याला एकटं सोडवेना म्हणून.

मडक्यातलं पाणी थरथरलं. आतून आवाज आला.

"मी इथेच आहे. रडू नकोस. माझं लेकरू त्या औषधांनी झिजतंय. ती बंद कर. तिला या देवमाणसाच्या हाती सोपव."

बिरागोच्या अंगावर सरसरून काटा आला. ही नक्कल नव्हती. शेवटचं अक्षर किंचित ओढायची ती लकब, तो जरासा घोगरा सूर, सगळं कोनादूचंच. तिचेही डोळे भरून आले. ओफोसू तर गुडघ्यांवर कोसळला होता, आणि आपण कुठे आहोत हे विसरून बायकोशी बोलत सुटला होता.

पण बिरागोचे कान आवाजावरच पोसलेले होते. डोळे पुसता पुसता तिला काहीतरी खटकलं. पहिल्या चार वाक्यांत कोनादूचा गळा मोकळा होता. शेवटच्या वाक्यात नाक चोंदलेलं होतं. बोलता बोलता माणसाला सर्दी होते कशी? आणि ते वाक्य तर बिरागोने स्वतः ऐकलं होतं. एका मालिकेत एक आई नवऱ्याला मुलगी ऑपरेशनसाठी सर्जनच्या ताब्यात द्यायला सांगते, तिथलं ते वाक्य. बिरागो त्यात आजी होती. कोनादू त्या आठवड्यात शिंकून शिंकून हैराण झाली होती.

ती उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "कोनादू, लेकीला घरी काय हाक मारायचीस, तेवढं सांग."

मडकं गप्प. ओसोफो गोड हसले. "ताई, तिकडे गेल्यावर नावं गळून पडतात."

"औषधं लक्षात राहिली आणि पोटच्या पोरीचं नाव तेवढं गळालं?"

लोक खवळले. कोणी तिला चेटकीण म्हणालं, कोणी म्हणालं मेलेल्या मैत्रिणीवर जळते. दोन स्वयंसेवकांनी दंडाला धरून तिला बाहेर काढलं. जाता जाता चौथऱ्यामागे आवाजाच्या यंत्रांपाशी तिला एक ओळखीचा चेहरा दिसला. त्वुम. पूर्वी त्यांच्याच स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचा. तिला पाहताच त्याने मान खाली घातली.

त्याच दिवशी ओफोसूने दुफीच्या गोळ्या गटारात ओतल्या आणि तिला घेऊन प्रार्थनास्थळाच्या आजारी लोकांच्या शेडमध्ये मुक्काम टाकला.

बिरागो स्टुडिओत गेली. तिथल्या लॅपटॉपवर आवाजांचा सगळा पसारा सांभाळणारं सॉफ्टवेअर होतं. आवाज देणाऱ्याने एकेक वाक्य बोलायचं आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल करून कोण, कुठली मालिका, कुठला प्रसंग अशी नीट लावून ठेवायची. हजारो फाइली, पण एखादा शब्द टाइप केला की तो शब्द ज्या ज्या वाक्यात असेल ती सगळी ओळीने समोर येत. चुकलेलं वाक्य शोधून बदलायची ती सोय होती. बिरागोने 'देवमाणूस' टाइप केलं. चोंदलेल्या नाकाची कोनादू तिच्या कानात बोलली. मग 'लेकरू', मग 'औषधं', मग 'रडू नकोस'. एक तुकडा सासू-सुनेच्या भांडणातला निघाला, एक दारुड्या नवऱ्याला भरलेल्या दमाचा, एक रेडिओवरच्या आरोग्याच्या जाहिरातीतला. जोडल्यावर मडक्यातलं बोलणं जसंच्या तसं उभं राहिलं. नोकरी सोडताना त्वुम काय घेऊन गेला होता ते आता उघड झालं.

मग तिने आणखी एक वाक्य जोडलं. आपण हे कशाला करतोय हे तिने स्वतःला विचारलं नाही.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन मागच्या बाजूने शेडमध्ये शिरली. दुफी चटईवर पडली होती. अंग तापलेलं, श्वास वरवरचा, ओठाची एक बाजू खाली ओघळलेली. डावा हात उचलून सोडला तर चिंधीसारखा पडत होता. ओफोसू म्हणाला, दुष्ट शक्ती बाहेर पडतेय, ओसोफो म्हणाले घाबरायचं नाही.

बिरागोला समजवायला वेळ नव्हता. तिने लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं.

"माझ्या लेकराला दवाखान्यात ने," कोनादू म्हणाली. "आत्ता ने."

ओफोसू ताडकन उठला. क्षणभर बिरागोला वाटलं, जमलं. पण तो दाराकडे न जाता मांडवाकडे निघाला. तिने त्याचा शर्ट धरला.

"कुठे चाललास?"

"ओसोफोंकडे. ती दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतेय, बिरागो. खरी कुठली ते मडक्यालाच विचारावं लागेल."

खोट्यावर खोटं घातलं की माणूस खोट्याच्याच दारात जातो, हे बिरागोला असं कळायचं होतं.

"कुठलीच खरी नाही," ती म्हणाली. "हे मी बनवलंय. ते त्वुमने बनवलंय. इकडे ये, हात दे." तिने त्याचं बोट कीबोर्डवर ठेवलं. "लेकरू. टाइप कर."

ओळीमागून ओळ पडद्यावर आली. त्याने एक दाबली. कोनादू हसत म्हणाली, लेकरू झोपलंय. दुसरी दाबली. कोनादू किंचाळली, माझं लेकरू कुठंय. तिसरीत ती चिडली होती. चौथी त्याने अर्ध्यावर थांबवली. मग बिरागोने मडक्यातली ती पाच वाक्यं लावली, नाक चोंदलेल्या शेवटासकट.

ओफोसूने बोट कीबोर्डवरून काढलं.

"मग ती कुठे आहे?"

"ती नाहीये, ओफोसू. ती गेली. दुफी आहे."

तो रडला नाही. वाकून त्याने पोरीला उचललं. फाटकाकडे जायची वाट मांडवातूनच होती, आणि रविवारच्या प्रार्थनेला मांडव गच्च भरलेला होता. स्वयंसेवक आडवे आले. ओसोफो वरून म्हणाले की बायकोचं मन असं मोडू नये, आणि मडकं बोलू लागलं, "मी इथेच आहे. रडू नकोस."

ओफोसूने दुफीला बिरागोच्या हातात दिलं, चौथऱ्यावर चढला आणि मडक्याच्या काठाला धरून ते आडवं केलं. पाण्याचा लोंढा पहिल्या रांगेच्या पायांत गेला. मडक्याचा मधला खोटा तळ निघून आला, आणि त्याखालून मुठीएवढा काळा स्पीकर घरंगळत पायरीवर येऊन थांबला. तो अजून बोलत होता. मी इथेच आहे. रडू नकोस.

स्वयंसेवकांनी आपसूक वाट सोडली.

बाकीच्यांच्या मेलेल्यांचं कोडं मग दोन दिवसांत सुटलं. फाटकावर आशीर्वादासाठी म्हणून सगळ्यांचे फोन, तेही लॉक उघडून, ठेवून घेत असत. त्यांतले मयतांचे जुने व्हॉइस मेसेज त्वुम उतरवून घ्यायचा आणि तेच तुकडे त्याच सॉफ्टवेअरमध्ये लावून नवी वाक्यं जोडायचा. त्वुमने ते पोलिसांपुढे कबूल केलं. ओसोफो तोवर सीमेपलीकडे पसार झाले होते, आणि काही भक्त अजूनही सांगत की ही देवाने घेतलेली परीक्षा आहे.

दुफी वाचली. तो पक्षाघाताचा झटका होता. डॉक्टरांनी रक्त चढवलं आणि ओफोसूला बाजूला नेऊन सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं. डावा हात मात्र पुरता परत आला नाही. ओफोसू तिच्या वेण्या आता स्वतः घालतो, कारण तिला एका हाताने जमत नाही.

काही आठवड्यांनी एक म्हातारी बाई फोन घेऊन स्टुडिओत आली. तिचा मुलगा दर शुक्रवारी मडक्यातून बोलायचा. युक्ती काय होती ते तिला माहीत होतं, मांडवात ती पहिल्याच रांगेत भिजली होती.

"मला खोटंच दे," ती म्हणाली. "एकदाच. 'आई, मी सुखात आहे.' तुला येतं ना करायला?"

बिरागोला येत होतं. पण तिने फोनमधले सगळे मेसेज तारखेप्रमाणे ओळीने लावले आणि हेडफोन म्हातारीच्या कानांवर ठेवले. मुलगा म्हणाला, आई, पाऊस येतोय, मिरच्या आत घे. मग म्हणाला, जेवणाला थांबू नकोस. मग नुसताच कोणाच्या तरी विनोदावर हसला.

म्हातारीने डोळे मिटले होते.

"आजी, तो बोलला ते एवढंच," बिरागो म्हणाली. "हे कोणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. याच्या पलीकडचा एक शब्द जरी कोणी त्याच्या तोंडी घालून दिला, मी दिला तरी, तो त्याचा नसेल. देणाऱ्याचा असेल. देणाऱ्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असेल. त्याला विचारा, कसं केलंस ते दाखव. रडत विचारा, पण विचारा."

म्हातारीने बोटाने पुन्हा लावायची खूण केली, आणि बिरागोने मिरच्यांचा मेसेज पुन्हा लावला.