ग्यानबाचा कान

डोंगरकडा गावात कादर टेलरच्या दुकानापुढं बाकडं हाय. त्यावर बसून ग्यानबानं रोज सांच्याला कादरचा रेडिओ ऐकायचा, ही लई जुनी रीत. अन् आता तोच ग्यानबा रस्त्यापल्याड भिवाजीच्या सायकल दुकानात बसून राहिला होता! भिवाजीनं मोबाईलला ठोकळ्याएवढा स्पीकर जोडून इंटरनेटवर रेडिओ लावला होता. कादरचा जीव नुसता जळत होता.

"त्याचा आवाज मोकळा हाय म्हणं," कादरची बायको फातिमाबी सदऱ्याला काजं करता करता बोलली.

"मंग तू बी जाऊन बस तिकडं!"

कादरनं नांदेडहून नवा डिजिटल रेडिओ आणला. इंटरनेट लागत न्हाई, हवेतूनच स्टेशन धरणारा, पर खरखर नावाला न्हाई. पत्र्याखाली नेला की साफ मुका व्हायचा, म्हणून दारालगतच्या खिडकीत, जुन्या रेडिओच्याच जागी ठेवला. ग्यानबाला हाताला धरून बाकड्यावर आणून बसवलं अन् वरडला, "भिवाजी, लाव तुझं! एकच स्टेशन. ग्यानबा सांगंल कोणाचं भारी!"

कादरकडं गाणं सुरू झालं. भिवाजीकडं तेच गाणं जरा वेळानं आलं.

"शिळं वाढून राहिला का रं?" कादरनं टोमणा मारला.

"शिळं असू दे! ढोलकी बघ कशी पोटात वाजते!"

मधीच रेंज गेली, भिवाजीच्या स्पीकरमधली गाणारी बाई सुरातच अडकली. कादर हरखला. त्याच्या रेडिओत बाईचा श्वास सुदिक ऐकू येत होता. पर ढोलकी तिकडंच बरी होती. ते त्यानं मनातच दाबलं.

"बोल ग्यानबा."

"भिवाजीचं बरं ऐकू येतं."

कादरचं तोंड उतरलं. "काहून? माह्यात काय कमी हाय?"

ग्यानबा हळूच बोलला, "कमी काही न्हाई. माझा डावा कान बहिरा झालाय. तुझी खिडकी बराबर डाव्या अंगाला. नुसती माशी गुणगुणल्यावाणी वाटतं."

"मंग सांगायचं न्हाई का, येड्या?"

"सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. सुना आताच काय कमी वरडतात?"

"ऊठ," कादर बोलला. त्यानं बाकडं उचलून गर्रकन फिरवलं. आता ग्यानबाचं तोंड शिलाई मशीनीकडं, उजवा कान खिडकीला. अन् पाठ? पाठ भिवाजीकडं.

ग्यानबाचा हात मांडीवर ठेका धरू लागला. कादरनं त्याच्या खांद्यावरून पल्याड पाहिलं. भिवाजी स्पीकर छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध आला होता, मान लांब करून.

कादरनं आवाज अजून जरासा वाढवला.